कुरुकान फुगाची सनद : स्मृती, संहिता आणि गुलाम

मार्च १९९८ मध्ये गिनी देशातील कांकान या शहरी एक कार्यशाळा भरली होती. परंपरेने इतिहास सांगणारे कथक आणि ग्रामीण नभोवाणीवर काम करणारे निवेदक तिथे एकत्र आले होते. तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना झाली तेव्हा कुरुकान फुगा नावाच्या माळावर एक सभा भरली, असे मांदे लोकांची परंपरा सांगते. त्या सभेत काय ठरले, हे कथकांनी आपापल्या घराण्यांत चालत आले तसे सांगितले. ते ध्वनिमुद्रित झाले, लिहून घेतले गेले आणि सिरिमान कुयाते या न्यायखात्यातील अधिकाऱ्याने त्याला क्रम लावून ४४ कलमांत बसवले. २००९ मध्ये युनेस्कोने 'मांदे सनद' मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ती मालीची म्हणून. कार्यशाळा गिनीत झाली आणि मान मालीला मिळाला, कारण कुरुकान फुगाचा माळ मालीतील कांगाबा गावाजवळ आहे. वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमेने एका आख्यानाचे असे दोन वारसदार करून ठेवले आहेत.

सनदेवर सन असतो १२३६. 'मॅग्ना कार्टा' १२१५ चा. त्यामुळे ही जगातील अतिप्राचीन राज्यघटनांपैकी एक, असा तिचा गौरव होऊ लागला आणि त्यावर 'ही तर विसाव्या शतकाच्या अखेरीस रचलेली संहिता' असा प्रतिवादही झाला. आम्हांला हा वाद साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा वाटतो. संस्कृती समाजाला घडवते हे विधान आपण सर्वच इतक्या सहजपणे करतो, की ती नेमकी कोणाच्या तोंडून, कोणत्या कागदावर आणि कोणाला वगळून घडवते हे विचारायचे राहून जाते.

प्रथम आख्यान. मांदेचा राजपुत्र सुंजाता केइता लहानपणी पायांनी अधू असतो, आईसह परागंदा होतो आणि पुढे परत येऊन सोसोचा राजा सुमाओरो कांते याचा किरिना येथे पराभव करतो. ही लढाई १२३५ च्या सुमारास झाली असे मानतात. लिखित पुरावा अगदी थोडा आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सोसोंचा पराभव करणारा 'मारी जाता' नावाचा राजा नोंदवला आहे. सभेचा उल्लेख त्याच्याकडे नाही. १२३५ हा आकडादेखील कथकांचा नव्हे. मोरिस देलाफोस या फ्रेंच वसाहतीतील अधिकारी-अभ्यासकाच्या १९१२ च्या ग्रंथातून तो रूढ झाला. मौखिक परंपरेतील सनदेचे वय अशा रीतीने एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या अंकगणितावर उभे आहे, ही गोष्ट तिचे अभिमानी आणि टीकाकार दोघांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हे आख्यान जपणाऱ्यांना मांदे भाषेत 'जेली' म्हणतात. फ्रेंचांनी रूढ केलेला शब्द 'ग्रिओ'. मराठीत काय म्हणावे? 'शाहीर' म्हटले तर जन्माने येणारा अधिकार सुटतो. 'भाट' म्हटले तर वंशावळ आणि स्तुती साधते, पण लग्न जमवणे, तंटा मिटवणे, राजाच्या वतीने बोलणे ही कामे त्या शब्दात मावत नाहीत. आम्ही 'जेली'च ठेवतो. इब्न बतूता १३५२ मध्ये मालीच्या दरबारी आला तेव्हा त्याने पक्ष्याच्या पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचा लाकडी मुखवटा घातलेले कवी राजापुढे पूर्वजांची कृत्ये सांगताना पाहिले. त्याला तो प्रकार हास्यास्पद वाटला. अर्थात त्याच्या नोंदीमुळेच ही संस्था किमान साडेसहाशे वर्षांची आहे, हे आज खात्रीने सांगता येते.

जेली हा 'न्यामाकला' या वर्गातला. त्यात लोहार येतात, चर्मकार येतात, शब्दांचे कारागीर येतात. यांची लग्ने आपापसांतच होतात. यांच्यावर 'होरोन', म्हणजे स्वतंत्र कुळांचे लोक. केइतांसारखी राजकुळे त्यांतलीच. आणि खाली 'जोन', म्हणजे गुलाम. युरोपीय अभ्यासकांनी न्यामाकलांसाठी 'कास्ट' हा शब्द वापरला. भारतातील जातींसाठी पोर्तुगीजांनी वापरलेल्या 'कास्ता'चेच हे भावंड, पण मराठी वाचकाने त्यात आपली जातिव्यवस्था जशीच्या तशी वाचू नये. न्यामाकला तुच्छ मानला जातो आणि त्याच वेळी लोक त्याला भितातही, कारण लोखंडात, चामड्यात व शब्दात असलेली 'न्यामा' ही धोक्याची शक्ती हाताळणे त्यालाच जमते. तरीही जन्माचे बंधन खरेच होते. केइता कुळातील सालिफ केइता १९७० मध्ये बामाकोच्या 'रेल बँड'मध्ये गाऊ लागला, तेव्हा राजवंशीयाने जेलीचे काम करावे हे घरच्यांना रुचले नव्हते.

हे आख्यान फ्रेंच वाचणाऱ्या जगापुढे आले ते १९६० मध्ये. जिब्रिल तामसीर नियाने या तरुण गिनी इतिहासकाराने मामादू कुयाते या जेलीकडून ऐकलेली सुंजाताची कथा फ्रेंच गद्यात लिहून पॅरिसला प्रसिद्ध केली. ते वर्ष महत्त्वाचे आहे. गिनीने १९५८ च्या सार्वमतात द गॉलला नकार देऊन स्वातंत्र्य घेतले होते. २२ सप्टेंबर १९६० रोजी 'फ्रेंच सुदान'ने माली हे नाव धारण केले. १९५७ मध्ये 'गोल्ड कोस्ट'नेही घाना असे नाव घेतले होते. प्राचीन घाना तिथून पुष्कळच वायव्येला होते, पण नावाला भूगोलाचे बंधन कोण घालतो! नव्या राष्ट्रांना भूतकाळ हवा होता आणि तो जेलींजवळ होता. मालीचा पहिला अध्यक्ष मोदिबो केइता सुंजाताच्याच कुळाचे नाव धारण करणारा होता. राष्ट्रगीताचे शब्द सेदू बादियान कुयातेचे आणि चाल बांझुमाना सिसोको या विख्यात जेलीची. शेकडो वर्षे एका कुळाची थोरवी गाणारा आवाज आता अनेक भाषांच्या, अनेक वंशांच्या एका प्रजासत्ताकाची थोरवी गाऊ लागला.

या मैत्रीची दुसरी बाजू गिनीत दिसली. अध्यक्ष सेकू तूरे यांनी राष्ट्रीय वाद्यवृंद उभारले, जेलींना राज्याचे मानकरी केले. त्याच राजवटीने १९६१ मध्ये शिक्षक-संघटनेच्या प्रकरणात नियानेंना तुरुंगात टाकले. पुढे ते सेनेगालमध्ये परागंदा झाले. ज्याच्या पुस्तकाचा नायक परागंदा राजपुत्र, त्याच्या वाट्याला तेच आले. २०२१ मध्ये डाकार येथे त्यांचे निधन झाले.

नियानेंच्या पुस्तकात कुरुकान फुगाच्या सभेवर एक प्रकरण आहे. राजे एकत्र येतात, सुंजाता प्रत्येकाला त्याचे राज्य परत देतो, कुळाकुळांची नाती ठरतात. कलमे मात्र नाहीत. कलमे ही १९९८ ची गोष्ट आहे. दरम्यान १९४९ मध्ये मांदे भाषांसाठी 'न्को' ही स्वतंत्र लिपी निर्माण करणाऱ्या सोलोमाना कांते यानेही या सभेचे कायदे लिहून काढले होते, आणि कांकान हे तर न्को चळवळीचे माहेरघरच. तेव्हा १९९८ च्या कथकांपर्यंत लिखित काहीच पोहोचले नव्हते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. झां-लू आम्सेल, फ्रान्सिस सिमोनिस आदी फ्रेंच अभ्यासकांनी सनदेच्या प्राचीनत्वावर जे आक्षेप घेतले ते आम्हांला बव्हंशी मान्य आहेत. कलमांना आकडे देताच संहितेची जात बदलते. जेलीचे वाक्य समोर कोण बसले आहे यावर लहानमोठे होते. कलम सोळा मात्र कुठेही कलम सोळाच राहते, मग ते युनेस्कोपुढे मांडा की शाळेच्या भिंतीवर लिहा. पण 'ही बनावट आहे' एवढे म्हणून थांबणे हा आळस आहे. माणसे एकत्र बसून आपले पूर्वज काय म्हणाले ते ठरवतात, ही घटना तेराव्या शतकात घडली की नाही ते सांगता येत नसले तरी १९९८ मध्ये ती निश्चित घडली आहे.

लेखनापासून दूर राहिलेले रूपही आहे. कांगाबाला 'कामाब्लोन' नावाची एक गोल पवित्र झोपडी आहे. तिचे गवती छप्पर दर सात वर्षांनी बदलतात. त्या वेळी शेजारच्या केला गावचे दियाबाते जेली रात्री आत बसून मांदेचा इतिहास सांगतात. त्याचे ध्वनिमुद्रण करू दिले जात नाही. एका बाजूला ४४ कलमे जगभर वाटलेली, आणि दुसऱ्या बाजूला हे बंद दार.

सनदेतील जो भाग आजही रोज पाळला जातो त्याला कागदाची गरजच नाही. त्याला 'सनान्कुया' म्हणतात. ठरावीक कुळांमधील थट्टेचे नाते. केइता आणि कुलिबाली, त्राओरे आणि दियारा अशा जोड्या आहेत. बाजारात, बसमध्ये, सरकारी कचेरीतसुद्धा आडनाव कळताच अनोळखी माणूस 'तू तर वाल खाणारा!' म्हणून हिणवतो आणि समोरचा तेच परत करतो. राग धरायचा नाही, हा नियम. थॅड डनिंग आणि लॉरेन हॅरिसन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालीतील प्रयोगात असे दिसले की, उमेदवार आपल्या थट्टेच्या कुळाचा असेल तर वांशिक वेगळेपणाचा अडसर मतदाराला बराच कमी वाटतो. आडनाव इथे तेढ कमी करते. आम्हां आडनावावरून काय काय ओळखणाऱ्या लोकांना हे विचारात पाडणारे आहे.

परंतु या थट्टेत वालाखेरीज आणखी एक वाक्य नेहमी येते : 'तू माझा गुलाम.' दोन्ही बाजूंनी म्हटले जाते म्हणून ते विनोदी. ज्याला ते खरोखरच म्हटले जाते, त्याचे काय?

इथे सनदेची दोन रूपे एकमेकींना छेद देतात. कांकानच्या ४४ कलमांत स्त्रियांना कारभारात सहभागी करून घ्यावे असे आहे आणि गुलामांचा छळ करू नये, त्यांना विश्रांतीचा दिवस द्यावा, असेही आहे. म्हणजे गुलामी गृहीत आहे. फक्त ती सौम्य असावी. दुसरे रूप युसुफ ताता सिसे या मालियन अभ्यासकाने प्रसिद्ध केलेले, शिकाऱ्यांच्या बंधुसंघाच्या शपथेचे. त्याचा सन १२२२ सांगतात. त्यात प्रत्येक जीव हा जीवच आहे अशा अर्थाची घोषणा आहे आणि गुलामी संपल्याचे जाहीर केले आहे. दोन्ही 'मांदे सनद' म्हणूनच ओळखली जातात, आणि गौरवाच्या भाषणांत दोहोंची सरमिसळ होते. आमच्या मते हा निष्काळजीपणा नाही. दुसऱ्या रूपातील उदात्तता घ्यायची आणि पहिल्यातील समाजरचना तशीच ठेवायची, ही सोय त्यातून होते. माली साम्राज्यात गुलाम होतेच; १३२४ मध्ये मक्केला निघालेल्या मान्सा मूसाच्या काफिल्यातील गुलामांविषयी अरबी ग्रंथांत पुष्कळ वाचायला मिळते.

फ्रेंचांनी १९०५ च्या हुकुमाने पश्चिम आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. त्या सुमारास मालीतील बानाम्बाच्या परिसरातून हजारो गुलाम मालकांना सोडून आपापल्या मूळ गावी चालत निघाले. जे राहिले त्यांच्या वंशजांना 'गुलाम' ही ओळख वारशाने मिळाली. पश्चिम मालीतील काय प्रदेशात, विशेषतः सोनिंके गावांत, अशा घरांकडून लग्नकार्यात राबण्याची अपेक्षा केली जाई, आणि गावचे किंवा मशिदीचे प्रमुखपद त्यांच्यासाठी नसे. सोनिंके हे भाषेने मांदे कुलातलेच, पण त्यांचे आख्यान सुंजाताचे नव्हे, वागादूचे. उतरंड मात्र त्याच घडणीची : वर स्वतंत्र कुळे, मध्ये कारागीर व कथक, खाली गुलाम.

२०१७ च्या सुमारास या वंशजांची 'गाम्बाना' ही चळवळ उभी राहिली. सोनिंके भाषेत या शब्दाचा आशय 'आपण सारे समान' असा आहे. गुलाम हे विशेषण लावून घेण्यास नकार, एवढीच मागणी. त्यावर अनेक गावांतून त्यांना विहिरी, दुकाने, शेतजमिनी बंद करण्यात आल्या, कित्येक कुटुंबांना गावे सोडावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये न्योरो भागातील जांजुमे गावी या चळवळीतील चार जणांना ठार मारण्यात आले.

चळवळ पसरली ती परदेशी गेलेल्या मजुरांच्या व्हॉट्सअॅप गटांतून. पॅरिसच्या वसतिगृहातला माणूस काय प्रदेशातल्या आपल्या गावाशी सोनिंकेत बोलत होता, आणि बोलणे लिहिलेले नसून मुद्रित आवाजाच्या संदेशांचे होते. अनेकांना लिहिता येत नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. त्या संदेशांत माणसे आपल्या आजोबांविषयी सांगत. त्या आजोबांची वंशावळ कोणत्याही जेलीने गायलेली नाही.