होड्यांचे रंग किती जुने?

फ्रान्सच्या दक्षिणेला कोलिऊर नावाचे मच्छीमारांचे बंदर आहे. १९०५च्या उन्हाळ्यात आंद्रे देरँ आणि हेन्री मातीस यांनी आपल्या चित्रांत तिथल्या होड्या निसर्गाशी न जुळणाऱ्या भडक रंगांत रंगवल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात या मंडळींची चित्रे लागली आणि एका समीक्षकाने त्यांना ‘जंगली श्वापदे’ म्हटले. कोकणातल्या करंजा, थळ, रेवदंडा किंवा मुरूडच्या बंदरात तांबड्या-निळ्या-पिवळ्या होड्या पाहताना ती चित्रे आठवतात आणि ओघाने वाटते, की कोळ्यांची ही रंगसंगती शतकानुशतकांची असणार. मला तसे वाटत नाही. रंगाची हौस जुनी असेल, पण सबंध होडीवरचा हा झगझगीत रंग कारखान्याच्या डब्यातून आला. देरँच्या हाती नळीतले तयार रंग आले ते याच कारखानदारीमुळे, फक्त आपल्याकडे ती कोळीवाड्यापर्यंत बरीच उशिरा पोहोचली.

लाकडाच्या होडीचे खरे वैरी दोन, खारे पाणी आणि लाकूड पोखरणारा किडा. त्यांच्याविरुद्ध कोकणात माशाचे तेल, राळ, चुना, काजूच्या टरफलांचे तेल असेच उपाय होते. अशा तेलाने साग काळपट पडतो. यावर कोणी म्हणेल, गेरू, हळद, नीळ तर घरातच होती. होती खरी, पण पाण्यात कालवलेला गेरू खाऱ्या लाटेपुढे टिकत नाही. जवसाच्या तेलात घोटलेला रंग टिकतो, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या मोठ्या जहाजांना तैलरंग लागतच असे. पण तो खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा आणि शेठ-सावकारांचा. दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारणाऱ्या कोळ्याला तो दरवर्षी कसा परवडावा? देशी रंगउद्योग वाढला तेव्हा हे बदलले. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सने पोळ्याला बैलांची शिंगे रंगवण्यापुरते छोटे डबे खेड्यांत नेले. साधारण त्याच पिढीत होड्यांवर इंजिने बसू लागली, मासळीचा पैसा वाढला. नारळी पौर्णिमेआधीची रंगरंगोटी आज परंपरा वाटते, पण तिचे हे रूप त्या डब्याएवढेच जुने असावे.

म्हणून ती खोटी ठरत नाही, उलट मला ती अधिक मोलाची वाटते. बाहेरून आलेल्या वस्तूतून कोळ्यांनी आपली ओळख घडवली. नाळीवर एकवीरा आईचे नाव कोणत्या रंगात लिहायचे, काठाला कोणता पट्टा ओढायचा, हे घराने ठरवले. पुढे मात्र यात सरकारही आले. २००८च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले. त्यानंतर किनारी राज्यांच्या बोटींना रंगसंकेत ठरवून देण्यात आले. सुरक्षेचे कारण रास्तच आहे. तरी घराच्या हातचा रंग त्यामुळे सरकारी झाला, हा तोटा नोंदवायला हवा. फायबरच्या होडीत तर रंग साच्यातच मिसळलेला येतो, आणि दरवर्षीच्या ब्रशाला तिथे फारसे काम उरत नाही.