तारीख नको, तिथी सांग: जुहूचा समुद्र पुरावा म्हणून कसा वाचायचा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी एक वही केली होती. जुहू किनाऱ्यावर बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आणि पोलिसांतल्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदी, यांतून तारीख, वेळ, वय आणि कारण असे रकाने भरत होते. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द यायचा: भरती. ‘भरतीचा अंदाज न आल्याने’ हे वाक्य तुम्हीही पेपरात शंभरदा वाचलं असेल. मी ते तसंच उतरवत गेले, प्रकरणाचा कच्चा खर्डा लिहिला आणि मोठ्या उत्साहाने तो घेऊन जुहू कोळीवाड्यात एका म्हाताऱ्या नाखवांना भेटले. मी पहिली तारीख वाचली. ते म्हणाले, “तारीख काय करायचीय पोरी, तिथी सांग.”

माझ्याकडे तिथी नव्हती. तेव्हा नीट कळलं की माझ्या वहीतला समुद्र हा पेपरातला समुद्र होता.

त्यांचा हिशेब किनारपट्टीवरच्या कित्येक घरांत अजून चालतो, आणि तो तुम्हाला यावा म्हणूनच हे लिहितेय. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू. यामागचं कारण सरळ आहे: भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. हिशेब तासभर इकडेतिकडे होतो, पण ज्या नोंदीत नुसतं ‘संध्याकाळी’ लिहिलंय तिच्यासाठी तो भरपूर आहे. मात्र हे तास मुंबईच्या किनाऱ्याचे. दुसऱ्या समुद्राला ते लावू नका, तिथलं गणित वेगळं.

वेळेशिवाय तिथी आणखी एक गोष्ट सांगते: पाणी किती चढणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीला भांग. उधाणात मुंबईला ओहोटी आणि भरती यांतला फरक साडेचार मीटरपर्यंत जातो. भांगात तो दीड-दोन मीटरवर येतो. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढतीत मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाच्या दिवशी दोन तासांत सव्वादोन मीटर, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून. जुहूसारख्या सपाट वाळूवर ते समोरून येतंच, पण वाळूच्या उंचवट्यांमागच्या सखल पन्हळी आधी भरतात. उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे पाणी झालेलं असतं आणि त्याला पत्ता नसतो.

हे ज्ञान जुहूला एके काळी शिकवावं लागत नव्हतं. जुहू मुळात बेट. साष्टीच्या पश्चिमेला वाळूचा एक लांबट, बुटका पट्टा, पोर्तुगिजांच्या लेखी ‘जुवेम’. ओहोटी असली की मधली खाडी पायी ओलांडता यायची. ज्याला बाजार करून घरी परतायचंय त्याला भरतीची वेळ ठाऊक असणं भागच होतं, मग तो कोळी असो वा भंडारी. पुढे बांध झाला, रस्ता झाला. १९२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गांधीजी इथे विश्रांतीला आले तोवर जुहू म्हणजे हवा बदलायची जागा झाली होती. १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. (पावसाळ्यात धावपट्टी पाण्याखाली जायची, म्हणून ही सेवा पुण्याला हलवावी लागे. समुद्र आपली हद्द विसरला नव्हता.) माझ्या प्रबंधाचा मुद्दा इथेच आहे. रस्ता झाला आणि भरती माहीत असण्याची गरज संपली. पण लोक पाण्याजवळ जायचे थांबले नाहीत, उलट हजारोंनी यायला लागले.

सरकारकडे भरतीची माहिती नव्हती का? होती, आणि चांगली होती. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची मोजणी आहे. १८७९ मध्ये तर खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्सच्या आराखड्यावरून भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं गेलं. चाकं आणि कप्प्या फिरवून वर्षभराचे आकडे आधीच काढायचे. पण ते तक्ते जहाजाच्या कप्तानासाठी होते. जुहूला सुट्टीच्या दिवशी येणारा माणूस त्यांचा वाचक कधीच नव्हता. एका शहरात भरतीच्या दोन वह्या, एक नाखवाच्या डोक्यात आणि एक बंदराच्या कचेरीत. बुडणाऱ्याकडे दोन्हींपैकी एकही नाही.

आता तिथी लावून काय दिसतं ते पाहा. ३१ जुलै २०११ ला ‘पवित’ हे जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. खलाशांनी ते जूनअखेरीस ओमानजवळ सोडून दिलं होतं, महिनाभर ते एकटंच वाहत होतं. आदल्या दिवशी अमावास्या होती. म्हणजे उधाणाने ते वर उचलून टाकलं, आणि पाणी पुन्हा तेवढं चढेपर्यंत ते हलणं कठीण. पुढची पौर्णिमा १३ ऑगस्टची, नारळी पौर्णिमा. जहाज निघालं ते ऑगस्टच्या मध्यावरच. इथे ‘भरती’ हे कारण चोख बसतं.

इंग्लंडच्या मोरकॅम बे या उपसागरातही बसतं. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर तिथे बुडाले, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. त्या वाळूवरून लोकांना पार नेण्यासाठी १६व्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या आहे. मजुरांना त्याचा काय उपयोग? रात्रीच्या कामावर नेणाऱ्यांनी त्यांना कुणाला विचारायची सवलत दिली नव्हती.

पण पुढच्या दोन नोंदींनी माझा खर्डा मोडला. १ फेब्रुवारी २०१६, मुरूड: सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. तिथी, पौष वद्य अष्टमी. १२ जून २०२३, जुहू कोळीवाड्याची जेट्टी: सांताक्रूझच्या वाकोल्यातली चार मुलं संध्याकाळी गेली. तिथी, ज्येष्ठ वद्य नवमी, नंतर दशमी. दोन्ही दिवस भांगाचे! पाणी चढतं होतं हे खरं, हिशेबाने भरती सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. पण ही वर्षातली मोठी भरती नव्हे, लहानातली एक. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या वादळाच्या लाटा जुहूला आपटत होत्या. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूच्या उंचवट्यांमधल्या खिंडीतून किंवा बांधकामाच्या कडेने, आणि तिथे ओढ तयार होते. ही ओढ पंचांगात नसते, तक्त्यातही नसते. तिच्याशी समोरासमोर झगडणारा दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या बाहेर पडावं लागतं, आणि हे त्या वयाच्या मुलांना कोण सांगणार?

म्हणून पुराव्यात ‘भरती’ दिसली की थांबा. तो शब्द बहुतेकदा घटनेचं कारण नसून नोंद लिहिणाऱ्याची सोय असते. भरती, लाट, ओढ, खड्डा या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची जबाबदारी वेगळ्या माणसावर पडते. भरतीची वेळ फलकावर लिहिता येते. ओढीसाठी जीवरक्षक लागतो, आणि वादळाच्या दिवशी जेट्टीवर जाणारी वाट अडवणारा कुणीतरी. ‘भरतीचा अंदाज आला नाही’ म्हटलं की दोष मुलांच्या अंदाजाचा ठरतो आणि विषय संपतो.

त्या भेटीनंतर मी वहीत ‘तिथी’ असा एक रकाना वाढवला. जुन्या सगळ्या तारखांसाठी पंचांगं धुंडाळायला तीन महिने गेले. १२ जून २०२३ च्या ओळीत ‘ज्येष्ठ वद्य नवमी’ लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यातला ‘भरती’ हा शब्द खोडला.