वक्तृत्वाचा एक अध्याय : फादर स्टीफन्सचे पुराण

वक्तृत्वासाठी पोर्तुगीज भाषेत जो ‘एलोक्वेंसिया’ शब्द आहे, त्याचे लॅटिन मूळ ‘स्पष्टपणे बोलून दाखविणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. लिसेंवात शिकलेल्या पिढीपुढे हा शब्द उच्चारताच सिसेरो आणि रोमची सभा उभी राही. गोमंतकात मात्र ही कला सभागृहापेक्षा देवळाच्या मंडपात वाढली. पुराणिकाने ओवी म्हणावी, तिचा अर्थ उलगडावा आणि श्रोत्यांनी मान डोलवावी, हेच येथील वक्तृत्वाचे विद्यालय होते.

सन १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. त्या सुमारास कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, म्हणजे तेव्हाच्या आदिलशाही मुलखात, नेण्यात आली. देव गेले, त्यांच्यामागून अनेक कुटुंबे गेली. जे मागे राहिले व बाटले, त्यांच्या पोथ्याही हिरावल्या गेल्या. परंतु ओवी ऐकण्याची सवय असलेला कान कोणत्याही फर्मानाने काढून घेता येत नाही.

ही गोष्ट ज्याने ओळखली तो थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो बव्हंशी साष्टीतच राहिला. येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्याने १५८३ सालीच आपल्या भावास कळविले होते. घरात बोलली जाणारी भाषा आणि ग्रंथात शोभणारी भाषा यांतील भेदही त्याने नेमका हेरला. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक त्याने कोंकणीत रचले, त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पुराण मात्र मराठीत केले. या निवडीवरून उत्तरकाळी पुष्कळ वाद रंगले. त्याच्या मनात वाद नव्हता, श्रोता होता.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुन्या व नव्या कराराची कथा सांगणाऱ्या सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले आहे. पुराणे गेल्यावर आम्हांस तसे काही वाचावयास द्यावे, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची विनंती त्यात नमूद आहे. मराठीची जी स्तुती त्याने केली आहे, तीत भाषेवर जीव जडलेल्या माणसाचा स्वर आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड आणि मोकळा. तेथे वाचक श्वास घेतो व अर्थ श्रोत्याच्या मनात उतरतो. रोमन वक्तृत्वशास्त्रावर पोसलेल्या या पंडिताने ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ही युक्ती निमूटपणे स्वीकारली. त्याच्यामागून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्रीनेही संत पीटरवर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. पण त्यात आपल्या देवदेवतांचे खंडन इतके आहे की कथेचा रस आटतो.

अर्थात स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता. ज्यांच्या देवांना नदीपार जावे लागले, त्यांच्या वंशजांनी हे विसरावे असे कोणी म्हणणार नाही. तरीही देऊळ पाडणाऱ्यांच्या पंथातील एका विद्वानाला अखेर देवळातल्याच वाणीचा आश्रय घ्यावा लागला, ही घटना लहान नव्हे.

राज्यकर्त्यांना ती कळली नाही. २७ जून १६८४ च्या फर्मानाने रयतेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा सोडावी असे ठरविण्यात आले. भाषा सुटली नाही. ग्रंथाला मात्र ओहोटी लागली. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळा छापलेल्या त्या पुराणाची त्या मुद्रणांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोवा सोडून कानडा मुलखात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याची हस्तलिखिते जपली, घरोघर त्याचे वाचन चालू ठेवले आणि त्यांच्या आधाराने १९०७ साली मंगळुरास जे. एल. साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापून काढले.