हळदीपासून मुळाच्या कडेपर्यंत

श्रोते हो, ओल्या हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. कुंकू याच रीतीने होत आले. १६६४ साली इंग्लंडात रॉबर्ट बॉईल याने फुलांच्या रसांवरचे असेच प्रयोग छापले. रंग पालटला की आम्ल कोणते, विम्ल कोणते, एवढे कळे. पण किती? त्याला आकडा मिळाला १९०९ साली. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मोजपट्टी बसवली. माती परीक्षणाच्या कागदावर आपण तिलाच ‘सामू’ म्हणतो. ७ म्हणजे मध्यम. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट वाढते.

आता आपल्या जालन्याकडे या. अंबड-घनसावंगीकडच्या चुनखडीच्या रानात मोसंबीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असते, पण विरघळत नाही. झाड काही स्वस्थ बसत नाही. मुळे आपल्या कडेशी आम्ल सोडून लोह मोकळे करू पाहतात आणि चुनखडी ते आम्ल मारून टाकते. ही झटापट चालते केसाएवढ्या जागेत. पिशवीभर मातीचा सामू तिचा पत्ता देत नाही.

मग ती पाहायची कशी? १८७१ साली जर्मनीत बायर यांनी फ्लुओरेसीन हा रंग तयार केला. निळ्या उजेडात तो हिरवा चमकतो, आम्लात मंदावतो. १९७८ साली ओकुमा आणि पूल यांनी त्याच्या साह्याने जिवंत पेशीच्या आतला सामू वाचला. पृष्ठभागासाठी मात्र आत न शिरणारा रंग हवा. पिवळ्या हायलायटर पेनात असतो तो पायरानीन तसाच आहे. २०१७ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तो मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपाच्या मुळाला लावला. दोन रंगांच्या उजेडात त्याची चमक ताडून पाहिली, आणि पेशीभित्तिकेचा सामू पेशीगणिक दिसू लागला.

शेतकरी बंधूंनो, यातून घ्यायचे ते इतकेच: चुनखडीत नुसते हिराकस टाकून भागत नाही, ते पुन्हा बांधले जाते. म्हणून चिलेटेड लोह किंवा फवारणी. आणि गुरुजी, हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. मुलांसमोर त्याला चुना लावा, मग लिंबू पिळा. लाल झालेला कागद पुन्हा पिवळा होईल. मुळाच्या कडेशी तेच चालते, फक्त डोळ्यांआड.