संप्रेरक गर्भनिरोधके थांबवल्यानंतरची गर्भधारणा

संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन बंद केल्यानंतर स्त्रीची गर्भधारणेची क्षमता पूर्ववत होते. ही साधने अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया तात्पुरती रोखतात. अंडाशय वा गर्भाशय यांना त्यांमुळे कायमची इजा होत नाही. मात्र क्षमता परत येण्याचा काळ साधनानुसार बदलतो.

माला-एनसारख्या गोळ्या थांबवल्यावर बहुतेक स्त्रियांची पाळी एक ते तीन महिन्यांत नियमित होते. पहिल्या पाळीपूर्वीही दिवस जाऊ शकतात. आठवड्याला घ्यावयाची ‘छाया’ ही गोळी संप्रेरकयुक्त नाही, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाली.

‘अंतरा’ या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी आहे. दर तीन महिन्यांनी दिले जाणारे हे औषध शरीरातून सावकाश ओसरते. शेवटच्या मात्रेनंतर गर्भधारणेस सर्वसाधारणपणे सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. दिवाळीत शेवटचे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीस पुढील भाद्रपदापर्यंत दिवस गेले नाहीत, तर ते वंध्यत्वाचे लक्षण मानता येत नाही. या काळात पाळी लांबणे वा अनियमित होणेही अपेक्षितच असते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नींचा ‘कोयता’ दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. त्यामुळे इंजेक्शनाची पुढील तारीख पुष्कळदा फडावर असतानाच येते. ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत मात्रा घेता येते; त्यापुढे संरक्षण गृहीत धरता येत नाही. मूल हवे असणाऱ्या जोडप्याने शेवटच्या मात्रेची तारीख टिपून ठेवणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

‘पिशवी खराब झाली’ हा शब्दप्रयोग येथे काळजीपूर्वक तपासून पाहावा लागतो. लांबलेल्या पाळीलाही तो लावला जातो आणि गर्भाशय काढण्याच्या सल्ल्यातही तो ऐकू येतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. गोळी वा इंजेक्शन थांबवता येते, ही शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. पुढे जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना तीपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली.

तपासणी

गर्भधारणेच्या प्रयत्नांपूर्वी किमान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याची शिफारस आहे. वर्षभर (वय ३५ वा अधिक असल्यास सहा महिने) प्रयत्न करूनही यश न आल्यास दोघांचीही तपासणी करतात. इंजेक्शनानंतरचा विलंब मात्र हिशेबात धरावा लागतो. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी व कमी खर्चाची असूनही ती बहुधा सर्वांत शेवटी होते.