टाळाच्या आधी गळा

शंभर वर्षांच्या आमच्या जळकोटच्या दिंडीत टाळ होते, वीणा होती, पखवाज होता. गाण्याचा गुरू मात्र नव्हता. म्हाताऱ्यांच्या मागं बसायचं, ऐकायचं, चाल उचलायची, एवढंच आमचं शिक्षण. गवयाकडं गेलं की तान येते अन् भाव जातो, असं जुनी माणसं म्हणायची.

पण पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचेच लेक. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, अन् शेवटी नाशकात रामनामातच रमले. आपल्या मराठवाड्यातही अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर यांनी कितीतरी गळे घडवले.

आमची पोरं शास्त्रीय गुरुजींकडं जाऊ लागली, तेव्हा महिनोन् महिने पहाटे नुसता खर्ज. लांब श्वास, एकच 'सा'. अभंग नाहीच! घरचे चिडले. पण वारीत कळलं. पूर्वी उंच पट्टीत ओरडून चार मुक्कामांत गळा बसायचा. आता श्वास पोटातून, पट्टी बेतानं, म्हणून वाखरीपर्यंत आवाज टिकतो. शेवटच्या टाळकऱ्याला शब्द स्वच्छ ऐकू येतो.

तरी जुन्यांचं भय खोटं नव्हतं. तानेत अभंगाचा शब्द हरवला, तर आम्ही आजही गाणाऱ्याला थांबवतो. माऊली, गळा गुरुजींनी घडवला, चाल वाडवडिलांनी दिली. दोन्ही पांडुरंगाच्या पायी.