एकच गिरणी, दोन लेखण्या

इंग्लंडातील सोळा वर्षांच्या मुलांना शालान्त परीक्षेत दोन उतारे देतात आणि विचारतात : या दोन लेखकांच्या दृष्टीत फरक कोणता, आणि तो त्यांच्या भाषेत कोठे दिसतो? प्रश्न मुलांपुढचा असला तरी तो मोठ्यांनीही सोडवून पाहावा. त्यासाठी आम्ही त्याच देशाविषयीची दोन जुनी पुस्तके घेतो. दोन्हींत मँचेस्टरकडच्या कापडगिरण्या आहेत आणि त्यांत राबणारी पोरे आहेत.

पहिले पुस्तक अँड्र्यू यूर या ग्लासगोच्या रसायनशास्त्रज्ञाचे, १८३५ सालचे. आपण अवचित गिरण्यांत शिरलो, तरी पोरांना मारताना कोणी दिसले नाही, असे तो सांगतो. तुटलेले धागे सांधणारी पोरे त्याला परीकथेतल्या चपळ बुटक्यांसारखी वाटतात आणि त्यांचे काम खेळासारखे. त्याच्या पानांवर वाफ ही दयाळू धनीण होते. मजूर तिचे राजीखुशीचे चाकर.

दुसरे पुस्तक फ्रेडरिक एंगल्सचे. हा गिरणीमालकाचा मुलगा १८४२ साली मँचेस्टरला आला. त्याचे पुस्तक १८४५ साली जर्मन भाषेत निघाले. सरकारी चौकशीपुढे डॉक्टरांनी व मजुरांनी दिलेल्या साक्षी तो पुढे मांडतो. त्यांत वाकलेल्या पाठी आहेत, फेंगडे झालेले पाय आहेत. असे अकाली मरण म्हणजे समाजाने केलेला खून, असे तो म्हणतो आणि करणाऱ्याचे नावही घेतो : मालकवर्ग.

मग यूर खोटे बोलला काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. त्याने मारहाण पाहिली नसेलही. पण पाठीचा कणा पाहुण्यादेखत वाकत नसतो. त्याला वर्षे लागतात. शिवाय १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील पोरांना बंदी केली होती आणि तेरा वर्षांखालच्यांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. यूर या कायद्याचा टीकाकार होता. काम हा खेळच असेल, तर त्याचे तास मोजायचे कशाला? त्याची उपमा वाटते तितकी भोळी नव्हती.

एंगल्सलाही हीच कसोटी लावली पाहिजे. यंत्रापूर्वीच्या विणकराचे जीवन तो फारच सुखाचे रंगवतो, आणि पुढच्या इतिहासकारांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. लेखक आपल्या बाजूचा, म्हणून त्याला सूट नाही.

आम्हां संघटनेच्या माणसांना या अभ्यासाचे मोल रोज कळते. अपघाताच्या कागदावर लिहिलेले असते : ‘कामगाराचा हात यंत्रात सापडला.’ वाक्य खरे असते. पण यंत्रावरचे झाकण कोणी काढले, हे त्यात नसते. भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या गाळलेल्या कर्त्यावर ठरते. म्हणून कागदावर सही किंवा अंगठा उमटवण्यापूर्वी विचारावे : हे कोणी लिहिले, कोठे उभे राहून लिहिले, आणि वाक्यातून कोणाला वगळले?